धूमकेतूचा माग: कोकण किनाऱ्यावरून कक्षा, स्थान आणि तेजस्विता यांची नोंद कशी ठेवावी

२०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सी/२०२३ ए३ म्हणजेच त्सुचिनशान–अ‍ॅटलस हा धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला दिसू लागला, तेव्हा किनाऱ्यावर जमलेल्या माणसांचे मोबाइल समुद्राच्या दिशेने वळले आणि जुन्या पिढीतल्या लोकांनी ‘शेंडेनक्षत्र’ हा विसरत चाललेला शब्द पुन्हा उच्चारला. त्या दिवसांत मला दाखवल्या गेलेल्या छायाचित्रांपैकी बहुतेक सुंदर होती, परंतु ती नेमकी कोणत्या मिनिटाला घेतली आणि शेजारच्या कोणत्या ताऱ्याच्या मानाने धूमकेतू किती तेजस्वी होता, हे फार थोड्यांना सांगता आले. पाहणे आणि माग ठेवणे यांतला फरक एवढाच आहे. हा माग कसा ठेवावा, ते येथे सांगितले आहे. त्यासाठी साधी दुर्बीण, अचूक वेळ दाखवणारे घड्याळ, एक वही आणि शालेय गणितातला लॉगरिदम एवढ्या गोष्टी पुरतात.

आरंभीच एक गोष्ट लक्षात ठेवावी. धूमकेतू उद्या आकाशात कोठे असेल, हे गणित अतिशय अचूक सांगते, पण तो उद्या किती तेजस्वी असेल हे सांगताना तेच गणित वारंवार तोंडघशी पडते. त्यामुळे हौशी निरीक्षकासाठी स्थानाची नोंद ही मुख्यतः स्वतःची पद्धत तपासण्याची कसोटी ठरते, तर तेजस्वितेची नोंद ही खरोखर नवी माहिती असते. पुढील विवेचनात तेजस्वितेला जास्त जागा दिली आहे, त्याचे कारण हेच.

कक्षेचे सहा आकडे

कोणत्याही धूमकेतूची कक्षा सहा आकड्यांत मावते. उपसूर्य अंतर म्हणजे तो सूर्याच्या जास्तीत जास्त किती जवळ येतो, ते खगोलीय एककात दिलेले अंतर. पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधील सरासरी अंतर म्हणजे एक खगोलीय एकक. उत्केंद्रता कक्षेचा आकार सांगते. हॅलेच्या धूमकेतूची उत्केंद्रता सुमारे ०.९६७ आहे, म्हणजे त्याची कक्षा लांबट पण बंद आहे. उत्केंद्रता १ असली तर कक्षा परवलय म्हणजे उघडा वक्र होते, आणि १ पेक्षा जास्त असली तर धूमकेतू परत येत नाही. १ जुलै २०२५ रोजी सापडलेल्या ३आय/अ‍ॅटलस या पाहुण्याची उत्केंद्रता ६ पेक्षा जास्त निघाली, आणि तो आपल्या सूर्यमालेतला नाही हे त्या एका आकड्यानेच उघड झाले. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी धूमकेतूच्या कक्षेची पातळी किती कोन करते ते कल सांगतो. हा कोन ९० अंशांहून जास्त असेल तर धूमकेतू ग्रहांच्या उलट दिशेने फिरतो. त्सुचिनशान–अ‍ॅटलसचा कल सुमारे १३९ अंश होता. आरोही पात म्हणजे धूमकेतू पृथ्वीच्या कक्षेची पातळी ओलांडून उत्तरेकडे जातो तो बिंदू. त्याचे रेखांश आणि तेथून उपसूर्य बिंदूपर्यंतचा उपसूर्य-कोन हे दोन आकडे कक्षा अवकाशात कोणत्या बाजूला वळलेली आहे ते ठरवतात, आणि सहावा आकडा म्हणजे धूमकेतू उपसूर्य बिंदूवर पोहोचण्याची वेळ.

या सहांच्या जोडीला एक दिनांक छापलेला असतो आणि नवशिके नेमके त्याच्याकडे दुर्लक्ष करतात. गुरू आणि शनी यांच्या ओढीमुळे कक्षा सतत थोडी बदलत असते, म्हणून दिलेले आकडे त्या दिनांकापुरतेच काटेकोर असतात. १७५८ साली परत येणार म्हणून वाट पाहिल्या जाणाऱ्या हॅलेच्या धूमकेतूला या दोन ग्रहांमुळे उशीर होईल, असे फ्रेंच गणिती क्लेरो यांनी प्रचंड आकडेमोड करून सांगितले होते. त्यांनी उपसूर्यासाठी एप्रिलचा मध्य धरला आणि धूमकेतू १३ मार्च १७५९ रोजी उपसूर्य बिंदूवर पोहोचला. हाताने केलेल्या गणितात साऱ्या फेऱ्याच्या ७६ वर्षांमागे एका महिन्याची चूक झाली. आज हे काम संगणक करतो, परंतु वर्षभरापूर्वी उतरवून घेतलेले घटक, म्हणजे हेच सहा आकडे, वापरले तर दुर्बिणीच्या क्षेत्रात धूमकेतू सापडणार नाही, आणि दोष मात्र ढगांना दिला जाईल.

स्थानाचा तक्ता तयार करणे

कक्षेचे ताजे घटक मायनर प्लॅनेट सेंटर ही लघुग्रह आणि धूमकेतूंच्या नोंदी ठेवणारी संस्था प्रसिद्ध करते. स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर्यमाला संपादित करण्याचे जे प्लगिन आहे, त्यातून हे घटक थेट आणता येतात. मला स्वतःला मात्र नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीची होरायझन्स ही सेवा अधिक उपयोगी वाटते, कारण तिच्यात धूमकेतूचे नाव, आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश आणि दिनांक भरले की हवा तो तक्ता मिळतो. रत्नागिरीसाठी अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर आणि रेखांश सुमारे ७३.३ अंश पूर्व घ्यावेत. मोजमापी छायाचित्रे घ्यायची असतील तर जागा अधिक अचूक द्यावी. अर्ध्या खगोलीय एककावर असलेल्या धूमकेतूचे स्थान पृथ्वीच्या केंद्रातून आणि पृष्ठभागावरून पाहताना १७ ते १८ विकलांपर्यंत वेगळे दिसू शकते (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला).

तक्त्यात विषुवांश आणि क्रांती (आकाशातले जणू रेखांश आणि अक्षांश), क्षितिजापासूनची उंची, सूर्यापासूनचे कोनीय अंतर, सूर्यापासूनचे अंतर आणि पृथ्वीपासूनचे अंतर एवढे रकाने मागून घ्यावेत. अपेक्षित प्रतीचा रकानाही मिळतो. प्रत म्हणजे तेजस्वितेचे माप; आकडा जितका लहान, तितके तेज जास्त. तो छापून घ्यावा, पण निरीक्षणापूर्वी झाकून ठेवावा. अपेक्षित आकडा डोळ्यांसमोर असला की डोळा तोच आकडा पाहतो, हे मी अनेकदा स्वतःवर अनुभवले आहे.

तक्त्यातील वेळ जागतिक वेळेत असते आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. संध्याकाळच्या निरीक्षणात याचा त्रास होत नाही. सायंकाळी ७ वाजून १२ मिनिटे म्हणजे त्याच दिवशीचे जागतिक १३ वाजून ४२ मिनिटे. धूमकेतूंच्या नोंदीत दिवसाचा दशांश लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून १४ ऑक्टोबरची ही नोंद १४.५७ अशी होईल. पहाटेच्या नोंदीत मात्र दिनांकच बदलतो. पहाटे सव्वापाच म्हणजे आदल्या दिवशीचे २३ वाजून ४५ मिनिटे, म्हणून २८ तारखेच्या पहाटेची नोंद २७.९९ अशी लिहावी लागते. माझ्या पहिल्या वहीतल्या पहाटेच्या सगळ्या नोंदी एका दिवसाने चुकलेल्या आहेत आणि त्या तेजस्वितेच्या वक्रावर मांडल्यावर धूमकेतूने एकाएकी उडी मारल्यासारखे दिसले होते. तेव्हापासून प्रत्येक नोंदीपुढे मी दोन्ही वेळा लिहितो.

किनाऱ्याचे फायदे आणि अडचणी

कोकणच्या किनाऱ्यावरून पश्चिमेला समुद्राचे मोकळे क्षितिज मिळते. सूर्याजवळून नुकत्याच गेलेल्या, संध्याकाळी मावळत्या धूमकेतूसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. शिवाय आपल्या अक्षांशावर क्रांतिवृत्त, म्हणजे सूर्याचा आकाशातला वार्षिक मार्ग, क्षितिजाशी मोठा कोन करून उभे असते आणि संधिप्रकाशही लवकर सरतो. विषुवदिनाच्या सुमारास सूर्यास्तापासून पूर्ण काळोख होईपर्यंत सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. युरोपातील निरीक्षकांसाठी लिहिलेल्या अंदाजांत ‘दिसणे अवघड’ असा शेरा असलेला धूमकेतू आपल्याकडून सहज दिसू शकतो, म्हणून तसे अंदाज जसेच्या तसे घेऊ नयेत. ध्रुवतारा आपल्याकडे जेमतेम १७ अंश उंच असतो, त्यामुळे उत्तर ध्रुवाजवळचे धूमकेतू खाली राहतात. त्याची भरपाई दक्षिणेकडे होते.

पहाटेच्या धूमकेतूसाठी समुद्रकिनारा सोडून सड्यावर जावे. किनाऱ्यालगतच्या वाडीत पूर्वेला नारळी-पोफळी आणि डोंगरउतार आडवे येतात, आणि त्यांच्या मागे सह्याद्रीची रांग असते. कातळाच्या मोकळ्या सड्यावरून पूर्व क्षितिज बरेच खाली येते आणि वस्तीचे दिवेही मागे राहतात. सड्यावर पहाटे जाताना पायात बूट आणि हातात विजेरी असावी. कातळाच्या भेगांतून फुरसे असते.

ऋतूंचा विचार आधीच करून ठेवावा. जून ते सप्टेंबर या काळात निरीक्षण जवळजवळ होत नाही. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू जगभर नुसत्या डोळ्यांनी दिसत असताना कोकणावर पावसाळी ढग होते. ऑक्टोबरात आकाश उघडते, पण हवेत दमटपणा असतो आणि संध्याकाळी विजा चमकतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. पुढे भाजावळ सुरू झाली की राबाचा धूर सकाळ-संध्याकाळ खाली रेंगाळतो आणि क्षितिजापासून दहा-पंधरा अंशांपर्यंतचे तारे गढूळ होतात. समुद्रावर प्रखर दिवे लावून मासेमारी करणाऱ्या नौका क्षितिजावर असतील तर त्यांच्या उजेडाची दिशा वहीत लिहावी, आणि दीपगृहाचा झोत जेथे फिरत येतो तेथे बसू नये.

दुर्बिणीची सर्वांत मोठी शत्रू खारट हवा. दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे भिंगावर मिठाचा थर बसवतात, आणि तो कोरड्या कापडाने पुसला तर भिंगावर ओरखडे पडतात. आधी फुंकणीने धूळ उडवून मग भिंग साफ करण्याच्या द्रावणाने हलक्या हाताने पुसावे. रात्री मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागला की हा त्रास कमी होतो, मात्र तोपर्यंत पश्चिमेचा धूमकेतू मावळलेला असतो. दहिवरासाठी भिंगापुढे काळ्या कागदाची लांब नळी बसवावी.

स्थानाची नोंद

पहिल्या रात्री धूमकेतू शोधताना तक्त्यातील विषुवांश आणि क्रांती नकाशावर मांडून जवळचा ठळक तारा निवडावा आणि तेथून दुर्बिणीने ताऱ्यामागून तारा घेत जावे. हात पूर्ण लांब करून धरलेली मूठ सुमारे १० अंश आणि करंगळी सुमारे १ अंश झाकते. १० × ५० च्या दुर्बिणीच्या क्षेत्राची रुंदी साधारण साडेसहा अंश असते, परंतु आपल्या दुर्बिणीचे क्षेत्र सप्तर्षींच्या दोन ताऱ्यांमधील अंतरावरून एकदा मोजून ठेवावे.

धूमकेतू सापडल्यावर क्षेत्रातील चार-पाच ताऱ्यांसह त्याचे रेखाटन करावे. ‘या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या किंचित उत्तरेला, पहिल्यापासून एकतृतीयांश अंतरावर’ अशा वाक्यातूनही काही कलांपर्यंत अचूक स्थान काढता येते. तासाभराने पुन्हा पाहून तेच रेखाटन केले तर धूमकेतूची हालचाल प्रत्यक्ष दिसते, आणि जे पाहिले ते तारकागुच्छ किंवा दीर्घिका नव्हते याची खात्री होते. चार्ल्स मेसिए यांनी धूमकेतूसारख्या भासणाऱ्या धूसर डागांची आपली प्रसिद्ध यादी केली ती अशीच फसगत टाळण्यासाठी.

मोजमापी स्थान हवे असेल तर तिपाईवर कॅमेरा ठेवून लहान उद्भासनाची (एक्स्पोजरची) अनेक छायाचित्रे घ्यावीत आणि ती अ‍ॅस्ट्रोमेट्री.नेटसारख्या सेवेत घालून ताऱ्यांशी जुळवून घ्यावीत. मग छायाचित्रातल्या कोणत्याही बिंदूचे विषुवांश आणि क्रांती मिळतात. मोजताना शेपटी सोडून कोमाच्या, म्हणजे धूमकेतूच्या डोक्याभोवतीच्या धूसर आवरणाच्या, सर्वांत दाट भागाचा मध्य घ्यावा. येथे वेळेचे महत्त्व वाचकाने स्वतः आकडा मांडून पाहावे: दिवसाला ३ अंश सरकणारा धूमकेतू मिनिटाला ७.५ विकला सरकतो, म्हणजे घड्याळ ८ सेकंद चुकले तर स्थान एका विकलेने चुकते. कॅमेऱ्यातले घड्याळ महिन्याभरात सहज अर्धा मिनिट सरकते, म्हणून प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला नेटवर्कवरून वेळ घेणाऱ्या मोबाइलच्या पडद्यावरील सेकंदांचे एक छायाचित्र त्याच कॅमेऱ्याने घ्यावे. फरक किती होता ते नंतर त्यावरून कळते.

आपल्या नोंदीतून कक्षा

प्रत्येक स्थानातून दोन आकडे मिळतात आणि कक्षेला सहा लागतात, म्हणून तत्त्वतः तीन रात्री पुरेशा असतात. १८०१ मध्ये गणिती गाउस यांनी नव्याने सापडलेल्या सेरेस या खगोलाची कक्षा अशाच थोड्या नोंदींतून काढली. धूमकेतूंसाठी त्याआधी १७९७ मध्ये ओल्बर्स यांनी कक्षा परवलय मानून सोपी रीत दिली होती. नव्या धूमकेतूची पहिली कक्षा आजही बहुधा उत्केंद्रता १ धरूनच जाहीर होते आणि नोंदी वाढतील तशी सुधारली जाते.

फाइंड ऑर्ब या मोफत प्रणालीत आपली स्थाने घातली की ती कक्षा आणि प्रत्येक नोंदीतली चूक दाखवते. सलग तीन रात्रींवरून निघालेली कक्षा पाहून निराश होऊ नये; इतक्या छोट्या कंसावरून परवलय आणि लांबट लंबवर्तुळ यांत भेद करता येत नाही. तीन आठवड्यांच्या अंतराने तीन नोंदी असतील तर उपसूर्याची वेळ आणि कल प्रसिद्ध आकड्यांच्या जवळ येऊ लागतात. प्रसिद्ध घटकांपेक्षा आपली कक्षा चांगली येणार नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. एखादी नोंद इतरांपेक्षा एकदम दूर पडली तर आधी दिनांक आणि घड्याळ तपासावे.

एका बाबतीत मात्र गुरुत्वाकर्षणाचे शुद्ध गणितही अपुरे पडते. केंद्रकातून, म्हणजे धूमकेतूच्या मधल्या घन गाभ्यातून, उसळणारे वायू त्याला किंचित ढकलतात. सुमारे ३.३ वर्षांनी परतणारा एन्के धूमकेतू एकोणिसाव्या शतकात दर फेरीला अपेक्षेपेक्षा सुमारे अडीच तास लवकर येत असल्याचे आढळले होते, ते याच कारणाने.

तेजस्विता: डोळ्यांचे काम

धूमकेतूचा प्रकाश ताऱ्यासारखा एका बिंदूत नसून पसरलेला असतो, आणि येथेच खरी कला आहे. आपल्याला हवी असते ती संपूर्ण कोमाची मिळून एकूण प्रत. तारा आणि धूमकेतू यांची थेट तुलना होत नाही, म्हणून दुर्बिणीचे केंद्रण (फोकस) बिघडवून ताऱ्यांना धूमकेतूच्या कोमाएवढे पसरवायचे, आणि मग दोन्ही डागांची तुलना करायची.

यासाठी तीन रीती रूढ आहेत. सिजविक यांच्या रीतीत केंद्रित धूमकेतूच्या कोमाची सरासरी तेजस्विता मनात ठेवून तारे कोमाच्या आकाराएवढे पसरवतात. विरळ, पसरट धूमकेतूला ती बरी पडते. बोब्रोव्हनिकॉफ यांच्या रीतीत धूमकेतू आणि तारे दोन्ही एकदम इतके बिघडवतात की त्यांचे आकार सारखे दिसावेत. दाट, लहान धूमकेतूला ती योग्य. मॉरिस यांच्या रीतीत धूमकेतू थोडासाच बिघडवून त्याचा डाग एकसारखा करतात, त्याचा आकार व तेज लक्षात ठेवतात आणि मग तारे त्याच आकारापर्यंत पसरवतात. मी बहुतेक वेळा हीच रीत वापरतो. कोणतीही रीत घ्यावी, पण एका धूमकेतूसाठी शक्यतो ती बदलू नये, आणि बदलली तर तसे लिहावे.

दोन तुलना-तारे निवडावेत, एक धूमकेतूपेक्षा किंचित तेजस्वी आणि एक किंचित फिका. समजा त्यांच्या प्रती ५.२ आणि ६.० आहेत आणि धूमकेतू तेजस्वी ताऱ्याकडून फिक्याकडे जाताना दहापैकी तीन पायऱ्यांवर वाटला, तर त्याची प्रत ५.२ अधिक ०.८ चे तीन दशांश, म्हणजे ५.४ झाली. दुसऱ्या जोडीने पुन्हा करून सरासरी घ्यावी. तांबडे तारे आणि रूपविकारी, म्हणजे तेज बदलणारे, तारे टाळावेत. मृगातील काक्षी तांबडी आणि रूपविकारी असूनही नजरेत भरते म्हणून तिला मापदंड मानणे ही हमखास होणारी चूक आहे. ताऱ्यांच्या प्रती अमेरिकन रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेच्या नकाशांवरून घ्याव्यात आणि प्रतीचा स्रोत वहीत लिहावा.

ज्यात धूमकेतू दिसतो असे सर्वांत लहान साधन वापरावे. मोठ्या दुर्बिणीत कोमाचा बाहेरचा फिका भाग पार्श्वभूमीत हरवतो आणि धूमकेतू आहे त्याहून फिका मोजला जातो. चौथ्या प्रतीच्या धूमकेतूला मोठी दुर्बीण लावून ‘सहावी प्रत’ लिहिणारे उत्साही निरीक्षक मी पाहिले आहेत.

किनाऱ्यावर सर्वांत मोठी चूक होते ती वातावरणाने शोषलेल्या प्रकाशाची. क्षितिजापासून १० अंशांवर आपण माथ्यावरच्या मानाने सुमारे ५.६ पट हवेतून पाहतो, ४० अंशांवर सुमारे १.५५ पट. समुद्रसपाटीच्या दमट हवेत एका पटीला ०.३५ प्रतीचा ऱ्हास धरला, तर १० अंशांवरचा धूमकेतू आणि ४० अंशांवरचा तारा यांच्या तुलनेत ०.३५ गुणिले ४.०५, म्हणजे सुमारे १.४ प्रतींची चूक होते. एवढ्या चुकीने सगळा वक्रच फसवा होतो. उपाय सोपा आहे: तुलना-तारे धूमकेतूच्याच उंचीवरचे घ्यावेत. तसे तारे नसतील तर दोघांची उंची लिहून ठेवावी आणि दुरुस्ती नंतर करावी. मोजलेली मूळ प्रत कधीही खोडू नये.

चांदण्याचाही हिशेब ठेवावा. २०२४ मध्ये १६ ऑक्टोबरला कोजागरी होती, आणि त्सुचिनशान–अ‍ॅटलस संध्याकाळी वर चढत होता त्याच दिवसांत चांदणेही वाढत गेले. शेपटीचा विरळ भाग त्यात बुडाला. पुढच्या वर्षी याच्या उलट योग आला. सी/२०२५ ए६ लेमन हा धूमकेतू २१ ऑक्टोबर २०२५ रोजी, म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला, पृथ्वीच्या सर्वांत जवळ होता. त्या रात्री अडचण होती ती गावातल्या फटाक्यांच्या धुराची, आणि सड्यावर गेल्यास तीही टळत होती.

प्रतीबरोबर कोमाचा व्यास कलांमध्ये आणि दाटपणा ० ते ९ या मापावर लिहावा. ० म्हणजे मध्यभागी काहीच दाटी नसलेला धूसर डाग आणि ९ म्हणजे जवळजवळ ताऱ्यासारखा ठिपका. शेपटी दिसली तर तिची लांबी अंशांत आणि दिशा उत्तरेकडून पूर्वेच्या बाजूने मोजलेल्या कोनात द्यावी. आकाशात धूमकेतू नसतो तेव्हा गोलाकार तारकागुच्छांवर सराव करावा. शौरीतला एम-१३ सुमारे ५.८ प्रतीचा आहे. उन्हाळ्यात दक्षिणेकडे पंचवीस अंशांवर येणारा नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो, आणि सरावासाठी त्याच्यासारखा गुच्छ युरोपातल्या निरीक्षकांच्या नशिबी नाही.

वक्र काढणे

मोजलेली प्रत तीन कारणांनी बदलते: पृथ्वीपासूनचे अंतर, सूर्यापासूनचे अंतर, आणि धूमकेतूचा स्वतःचा स्वभाव. पहिली दोन कारणे वजा केली की उरतो तो स्वभाव. त्यासाठी नेहमीचे सूत्र असे आहे:

प्रत = नि + ५ × लॉग(पृ) + २.५ × घ × लॉग(सू)

येथे पृ हे पृथ्वीपासूनचे आणि सू हे सूर्यापासूनचे अंतर खगोलीय एककात आहे, नि ही निरपेक्ष प्रत म्हणजे दोन्ही अंतरे १ असताना दिसेल ती प्रत, आणि घ हा घातांक धूमकेतू सूर्याला कसा प्रतिसाद देतो ते सांगतो. नुसत्या परावर्तित प्रकाशासाठी घ चे मूल्य २ असते. धूमकेतूंसाठी अंदाज बांधताना ४ धरण्याची पद्धत आहे.

उदाहरणादाखल कल्पित आकडे घेऊ. सू = १.५ आणि पृ = १.२ असताना प्रत ८.१ मोजली. १.२ चा लॉग ०.०७९, त्याची पाचपट ०.४, ती वजा करून ७.७ उरतात. पुढे सू = १.० आणि पृ = ०.८ असताना प्रत ५.५ मोजली. ०.८ चा लॉग उणे ०.०९७, त्याची पाचपट उणे ०.५, ती वजा केल्यावर ६.० मिळतात. १.५ चा लॉग ०.१७६ असल्याने १.७ ला ०.१७६ ने भागून सुमारे ९.७ येतात, त्याला २.५ ने भागले की घ सुमारे ३.९, आणि नि ६.० ठरते. आता सू = ०.७ आणि पृ = ०.९ असतील त्या रात्रीसाठी अंदाज निघतो तो सुमारे ४.३ प्रतीचा. प्रत्यक्षात दोन नोंदींवर असा भरवसा ठेवू नये. आडव्या अक्षावर सू चा लॉग आणि उभ्या अक्षावर पृथ्वीच्या अंतराचा परिणाम वजा केलेली प्रत घेऊन किमान दहा-बारा नोंदी मांडाव्यात, आणि मगच पट्टी ठेवून रेषा ओढावी.

ही रेषा मोडते तेथे धूमकेतूबद्दल काही तरी नवे कळते. २००७ च्या ऑक्टोबरअखेर १७पी/होम्स हा सतराव्या प्रतीचा धूमकेतू दोन दिवसांच्या आत नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला, म्हणजे सुमारे पाच लाख पटींनी उजळला; कोणत्याही घातांकात ते बसत नाही. त्सुचिनशान–अ‍ॅटलस ९ ऑक्टोबर २०२४ च्या सुमारास जवळजवळ सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये आला, तेव्हा त्याच्या धुळीने सूर्यप्रकाश पुढच्या दिशेने विखुरला आणि सूर्याकडे रोखलेल्या सोहो यानाच्या चित्रांत तो झळकला. अशा उजळण्याला धूमकेतूचा स्वभाव मानू नये, म्हणून सूर्य, धूमकेतू आणि पृथ्वी यांच्यामधील कोनाचा रकानाही तक्त्यात मागून घ्यावा. उलट, रेषा हळूहळू खाली वाकू लागली, कोमा पसरत गेला आणि दाटपणाचा आकडा ५ वरून ३, ३ वरून १ असा उतरला, तर केंद्रक फुटत असण्याची शक्यता धरावी.

नोंदी स्वतःपुरत्या ठेवू नयेत. स्लोव्हेनियातील चर्नी व्र्ह वेधशाळेने चालवलेल्या कॉब्स या संग्रहात जगभरचे हौशी निरीक्षक आपल्या प्रती पाठवतात. रीत, साधन, तुलना-ताऱ्यांचा स्रोत, कोमा, दाटपणा आणि जागतिक वेळ हे सगळे रकाने तेथे भरावे लागतात, म्हणून वहीतही ते पहिल्या दिवसापासून त्याच क्रमाने आखावेत. इतरांच्या नोंदींपेक्षा आपली प्रत सतत अर्ध्या प्रतीने वेगळी येत असेल तर ती जुळवून घेऊ नये. तो आपल्या डोळ्यांचा आणि दुर्बिणीचा ठरावीक फरक असतो, आणि तो कायम राहिला तर त्याची दुरुस्ती करता येते. मनाने जुळवलेल्या आकड्याची करता येत नाही.

धूमकेतू दिसेनासा झाल्यावरही काही दिवस त्याच्या जागेकडे पाहत राहावे. तक्त्यात जागा आहे, आकाश स्वच्छ आहे, आणि तेथे काहीच दिसत नाही, अशा वेळी त्या क्षेत्रात दिसलेला सर्वांत फिका तारा कोणत्या प्रतीचा होता ते शोधून ‘त्याहून फिका’ अशी नोंद करावी. २८ नोव्हेंबर २०१३ रोजी आयसॉन सूर्याच्या अगदी जवळून गेला आणि विरून गेला. डिसेंबरात पहाटे पूर्वेला पाहून ज्यांनी दिनांक, वेळ आणि मर्यादेच्या प्रतीसह ‘दिसला नाही’ एवढेच लिहिले, त्यांच्या वहीतला त्या धूमकेतूचा वक्र पूर्ण झाला.